सव्वा लाख भाडं, पण एकरी की हेक्टरी?

गेल्या आठवड्यात आटपाडीकडच्या पाहुण्यांचा फोन आला. गावात पांढरी गाडी आलीय, सोलर कंपनीची माणसं आहेत म्हणतात, सव्वा लाख भाडं देणार, कागद करू का? मी विचारलं, सव्वा लाख एकरी की हेक्टरी? ते म्हणाले, "तसं काय बोलला नाही बघा." तेव्हा ठरवलं, लाज बाजूला ठेवायची आणि आपलं काय झालं ते लिहून टाकायचं.

मी जत तालुक्यातला. अकरा एकर रान, त्यात जेमतेम तीन एकर बरं, बाकी मुरमाड माळ. शाळू आला तर आला, नाहीतर जनावरांना चारून मोकळं. असल्या माळाला कोणी वर्षाचं भाडं देतो म्हटलं की कान टवकारतातच. त्यात हे भाडं होतं, विक्री नव्हे. ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा माझ्या मामांनी तिकडचा तुकडा विकला. पैसे दोन वर्षांत संपले, चक्की अजून फिरतेय. त्यामुळे "जमीन तुमचीच, सातबारा तुमचाच" हे ऐकलं आणि निम्मी सही मी तिथंच केली म्हणा ना.

2024च्या गणपतीनंतरची गोष्ट. आमच्याकडंही अशीच पांढरी गाडी आली. त्यातला माणूस बोलायला गोड. आईला मावशी म्हणाला, खुर्ची दिली तर नको म्हणून पोत्यावर बसला. मोबाईलवर शासन निर्णय दाखवला. आता यात मेख अशी, की त्यानं दाखवलेली योजना खोटी नव्हतीच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे, 2023 मध्ये तिची 2.0 आवृत्ती आली. शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीला, दिवसा वीज मिळावी म्हणून विजेच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभे करायचे आणि त्यासाठी जमीन भाड्यानं घ्यायची, हे सगळं खरं. वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, हेही खरं. फक्त ते हेक्टरी आहे. त्यानं "हेक्टरी" हा एवढा एक शब्द गिळला.

मी कॅलेंडरच्या मागं हिशेब केला. अकरा गुणिले सव्वा लाख, पावणेचौदा लाख. हिच्या समोर दोनदा मांडला. अकरा एकर म्हणजे साधारण 4.45 हेक्टर, म्हणजे खरा आकडा साडेपाच लाखांच्या आसपास. तोही आमच्यासाठी डोंगराएवढाच होता. पण पावणेचौदा लाख डोक्यात बसल्यावर एकरी तीन हजार "फाइल खर्च" किरकोळ वाटला. तेहतीस हजार दिले. निम्मे रोख, निम्मे त्यानं दिलेल्या फोन नंबरवर. पैसे कंपनीच्या खात्यात का नाही, हे विचारायचं सुचलंच नाही. पावतीवर खाली बारीक अक्षरात "परतावा मिळणार नाही" होतं. ते मी वाचलं होतं. वाचूनही दिले.

पैसे गेले त्याचं एवढं नाही. खरा घात कागदानं केला.

तालुक्याला एका टायपिंगच्या दुकानात बोलावलं. शंभराच्या स्टॅम्पपेपरसह सहा पानं टाचलेली. वर ठळक अक्षरात "संमतीपत्र". तो म्हणाला, "दादा, ही नुसती संमती. खरा करार कंपनी आली की दुय्यम निबंधकाकडं." चहा आला. आईचा अंगठा घेतला, शाईचं बोट तिनं लुगड्याला पुसलं. माझ्या सह्या प्रत्येक पानावर. मिरजेला दिलेली आक्का सातबाऱ्यावर आहे, तिची सही नंतर घ्यायची ठरली. तिनं फोनवर सांगितलं, आधी कागद पाठव. मी पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. शेवटच्या पानाच्या फोटोत माझा अंगठा आलाय आणि टेबलावर चहाचा ओला गोल. मधली चार पानं ना तिनं पाहिली, ना मी वाचली. आक्का म्हणाली, "सगळा कागद आल्याशिवाय मी सही करत नाही." मी तिच्यावर चिडलो. तिनं सही केली नाही, म्हणून आज थोडीफार वाट शिल्लक आहे.

मग दोन पोरं आली, ड्रोन उडवला, बांधावर चुन्याच्या खुणा केल्या, लाल रंगाच्या खुंट्या ठोकल्या. रानात पीक उभं असेल तर सर्व्हे अडतो म्हणाले, म्हणून त्या रब्बीला शाळू पेरलाच नाही. चार जनावरांना कडबा विकत घेतला. शेजारचे आण्णा बांधावरून रोज विचारायचे, "आली का कंपनी?" मी म्हणायचो, टेंडर निघालंय. मला तसंच सांगितलेलं. मग फोन उचलणं कमी झालं, मग बंद.

पुढच्या उन्हाळ्यात खरोखरची एक कंपनी आली. हे लोक वेगळे दिसले. आधी उपकेंद्रापासूनचं अंतर मोजलं, मग सातबारा, आठ-अ आणि फेरफार मागितले, पैसे मागितले नाहीत. बोलणी जुळत आली आणि पंधरा दिवसांत वकिलाची नोटीस. पांढऱ्या गाडीवाल्याची. सोबत माझ्याच कागदाची पूर्ण नक्कल. मधली चार पानं मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. तीन वर्षं ही जमीन दुसऱ्या कोणाला भाड्यानं द्यायची नाही. त्याला हव्या त्या कंपनीशी तो माझ्या वतीनं करार करू शकतो, म्हणजे संमतीपत्राच्या पोटात कुलमुखत्यारपत्र. आणि माघार घेतली तर एकरी पंचवीस हजार भरपाई.

वकील म्हणाले, हा कागद टिकायचा नाही. एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदणीकृतच लागतो, नुसत्या नोटरीनं भागत नाही, आणि सहहिस्सेदार बहिणीची सहीच नाही. बरोबर आहे. पण कंपनीला तो टिकतो की नाही याच्याशी काय देणंघेणं? वाद आहे म्हटल्यावर ते पलीकडच्या गावातल्या गटाकडं गेले. तिथं आता खांब उभे राहिलेत. पांढऱ्या गाडीवाल्याचा धंदाच हा. प्रकल्प करायचा नसतोच. जमिनी कागदावर अडवून ठेवायच्या आणि खरी कंपनी आली की सोडायचे पैसे मागायचे. माझ्याकडं त्यानं एकरी वीस हजार मागितले. दिले नाहीत.

एक गोष्ट आधीच करायला हवी होती, ती उशिरा केली. महावितरणच्या उपविभागात जाऊन तिथल्या साहेबांना विचारलं. पांढऱ्या गाडीवाला तीन गावांत मिळून पन्नास मेगावॅटचा प्रकल्प सांगत होता. साहेब हसले. "तुमच्या उपकेंद्रात पाच एमव्हीएचा, म्हणजे जेमतेम पाच मेगावॅट पेलणारा, एक ट्रान्सफॉर्मर आहे. त्यात पन्नास मेगावॅट ओतणार कुठं?" एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, म्हणजे पन्नासला दोनशे एकरांच्या वर. या योजनेत एका प्रकल्पाला पंचवीस मेगावॅटची मर्यादा आहे, हेही त्यांनीच सांगितलं. दहा मिनिटांचं काम होतं, चहासुद्धा पाजावा लागला नाही.

आता मी पोलिसांत अर्ज देऊन पोच घेतलीय, कुलमुखत्यारपत्र रद्द केल्याची नोटीस रजिस्टर पोस्टानं पाठवलीय आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिलीय. वकिलाची फी धरून सगळा खर्च फाइल खर्चाच्या वर गेला. यंदा शाळू पेरला. पेरताना लाल खुंट्या उपटल्या, दोन गोठ्यात दावं बांधायला वापरल्या.

आमच्या भागात आणखी कोणी असल्या कागदावर सही केली असेल तर आधी पूर्ण नक्कल मागा, अगदी टाचणीसकट. आणि ज्यांनी अजून केली नाही त्यांनी पाहुण्यांसारखा मला फोन केला तरी चालेल, फक्त सहीच्या आधी करा.