पणजीजवळच्या पर्वरीतलं नवं संकुल: जादा पार्किंग की सोसायटीची बस?
एका गाडीच्या पार्किंगची चौकट साधारण 2.5 बाय 5 मीटर, म्हणजे 12.5 चौरस मीटर. गाडी वळवायची जागा धरली की हिशेब दुप्पट होतो, आणि तो खर्च गाडी नसलेल्याच्या फ्लॅटच्या किमतीतही चढतो. शिवाय गाडी पणजीत पोचली की तिथे पुन्हा जागा शोधा!

सोसायटीची मिनीबस सकाळी वीसेक माणसं थेट पणजीच्या कदंब बसस्टँडवर सोडते. खरी अडचण परतीची. ऑफिस उशिरा सुटलं, बाहेर धो धो पाऊस आणि बस निघून गेलेली, असं दोनदा झालं की माणूस गाडीच काढतो. म्हणून संध्याकाळी दोन फेऱ्या हव्यातच.

संकुलातल्या दुकानगाळ्यांत गिऱ्हाइकांना पार्किंग लागेलच. तिथल्या कामगारांना बसपास द्या. घरांसाठी मात्र मी बसच निवडेन.