मिरजेतलं हलाल जेवण, आठ महिन्यांनंतर : हंडीची वेळ आणि फिरनीचं मडकं

आठ महिने, आठवड्यातून एकदा तरी, तीन हॉटेलं. दोन मिरजेत दर्ग्याच्या परिसरातली, एक सांगलीतलं. नावं मुद्दाम देत नाही, कारण दुपारी साडेबाराची बिर्याणी आणि त्याच हॉटेलातली रात्री साडेदहाची बिर्याणी यांत जेवढा फरक पडतो, तेवढा या तीन हॉटेलांत आपापसांत पडत नाही.

हंडी उघडल्यापासून पहिला तास-दीड तास खरा. दमाला लावताना तांदूळ पाऊण शिजलेला असतो आणि कणकेनं बंद केलेल्या झाकणाखाली उरलेला वाफेवर शिजतो. झाकण निघालं की ती वाफ जाते. मग हंडी निखाऱ्यावर तशीच राहिली, तर वरचा भात कोरडा पडतो आणि तळाचा मसाला आटून खारट लागतो. प्रत्येक प्लेटसाठी चमचा फिरतो तशी शितं मोडत जातात. ताटात तुकडेच जास्त दिसले, तर हंडी जुनी आहे हे समजून घ्यावं. चांगला वाढपी भात ढवळत नाही. बशी कडेनं उभी खाली घालतो आणि पांढरा भात, केशरी भात, मसाला असे थर एकदम वर काढतो. काउंटरवर ‘ताजी आहे का?’ विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. ‘पुढची हंडी किती वाजता उघडणार?’ असं विचारा, वेळ बरोबर कळते. शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर गर्दी होते, पण हंड्या भराभर संपत असल्यानं जेवण हमखास चांगलं मिळतं. रमजानमध्ये दुपारचं विसरा. इफ्तारची धांदल ओसरल्यावर जावं.

मटणाबद्दल. हलाल म्हणजे जिवंत, धडधाकट जनावर, अल्लाहचं नाव घेऊन धारदार सुरीनं गळ्याच्या शिरा, श्वासनलिका आणि अन्ननलिका कापणं आणि रक्त पूर्ण वाहून जाऊ देणं. आपल्याकडे हे कुणाला नवं नाही. गावगाड्यात बकरं कापायचा मान मुलाण्याचाच होता, जत्रेतलं बकरंसुद्धा त्याच्याच हातचं. रक्त नीट निथळलेलं मटण रश्श्यात काळपट पडत नाही आणि उग्र वास मारत नाही. आठ महिन्यांत तक्रार झाली ती मटण कापण्याची नव्हे, मुरवण्याची. एका ठिकाणी तीन वेळा मटण वरून लगदा आणि हाडाजवळ चिवट निघालं. हा कच्च्या पपईचा अतिरेक. किलोला एक-दोन चमचे वाटलेली पपई, दोन-तीन तास, एवढं पुरतं. रात्रभर ठेवलं की बाहेरचे धागे सुटतात, आत मात्र ती पोचत नाही. अशा वेळी मांडीचे पीस टाळून सीना आणि चाप मागावेत. चरबी आणि हाड असल्यानं ते जास्त तग धरतात.

दालचा मागायला विसरू नका. तूर आणि हरभऱ्याची डाळ, दुधी, मटणाची हाडं, चिंच. बिर्याणीपेक्षा यात हॉटेलचा हात लवकर कळतो. डाळ दाताखाली कचकच लागली, तर चिंच आधी पडलेली असते. आंबट पाण्यात डाळ शिजत नाही, ती मऊ झाल्यावरच चिंचेचा कोळ घालायचा असतो.

पार्सलचं दुखणं वेगळं. मिरजेहून सांगलीतल्या विश्रामबागला येईपर्यंत बंद डब्यात वाफेचं पाणी होतं आणि भात गिचका होतो. डबा पाच मिनिटं उघडा ठेवून मग झाकण लावून घ्यावं. दही-कांदा वेगळ्या पिशवीत, गरम डब्याला चिकटवून नको.

आता गोडाकडे, कारण हलालची चौकशी मटणावरच थांबते आणि चूक इथे होते. थरथरणारं पुडिंग किंवा मूस जिलेटिनचं असू शकतं, आणि जिलेटिन जनावराच्या कातडी-हाडांचं. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून होतो, त्यात हा प्रश्नच नाही. ओळखायची खूण सोपी आहे. चायना ग्रासचं पुडिंग टेबलावर अर्धा तास राहिलं तरी उभं राहतं आणि चमच्यानं स्वच्छ तुटतं. जिलेटिनचं उन्हाळ्यात ढिलं पडतं, तोंडात आपोआप विरघळतं. तरीही एकदा विचारावंच. फिरनी, शाही तुकडा, शीरखुर्मा यांत जिलेटिन लागतच नाही.

फिरनी मडक्यातलीच घ्या. मडक्याची भाजलेली, बिनझिलईची माती पाणी ओढून घेते, त्यामुळे ती वरपासून खालपर्यंत सारखी घट्ट बसते. प्लास्टिकच्या वाटीत तळाशी पाणी राहतं. घरी करायची तर एक लिटर म्हशीचं दूध, साठ ग्रॅम तांदूळ, शंभर ग्रॅम साखर. तांदूळ अर्धा तास भिजवून रव्याएवढा जाडसर वाटायचा. पीठ झालं तर फिरनी चिकासारखी ताणली जाते. वाटण थंड दुधात कालवूनच उकळत्या दुधात सोडायचं, नाहीतर गाठी. साखर शेवटी. फ्रीजरमध्ये कधीच ठेवू नका, फुटते आणि पाणी सुटतं. फ्रीजमध्ये दोन दिवस टिकते.

शाही तुकडा पार्सल नेताना रबडी वेगळी मागा, नाहीतर घरी पोचेपर्यंत ब्रेडचा चिखल होतो. हॉटेलात चांगला तुकडा आदल्या दिवशीच्या ब्रेडचा असतो, ताजा ब्रेड तूप पितो.

शीरखुर्म्यात तासगावचा बेदाणा पडतो याचं इथे कौतुक आहे, पण तोच दूध फाडतो. बेदाण्यात आंबटपणा असतो. गरम पाण्यात धुऊन, कोरडा करून, तुपात फुगवून घ्यावा आणि गॅस बंद केल्यावरच घालावा. खारीक रात्रभर भिजलेली हवी. उरलेल्या शीरखुर्म्यात शेवया दूध पिऊन दुसऱ्या दिवशी गोळा होतात. तेव्हा गरम दूध घालून सैल करावा, पाणी नको.