जुन्या पेजमेकर फाइलींसाठी व्हर्च्युअलबॉक्स

आमचा धंदा लग्नपत्रिकांचा. वीस वर्षांचं काम पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्राममध्ये, तेही युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टात. गेल्या वर्षी विंडोज एक्सपीचा जुना पीसी मदरबोर्डसकट गेला आणि त्याच आठवड्यात एक काकू आल्या. "थोरल्याची पत्रिका तुमच्याकडेच केली होती, धाकटीची अगदी तश्शीच हवी." फाइल होती, पण नव्या विंडोज ११ वर फॉन्टच्या डोंगलचा (जी यूएसबी किल्ली लावल्याशिवाय फॉन्ट चालत नाहीत, तिचा) ड्रायव्हर चढेना.

शेवटी भाच्याने व्हर्च्युअलबॉक्स टाकून दिलं, म्हणजे पीसीच्या आत दुसरा, आभासी पीसी चालवणारा प्रोग्राम. मूळ इनोटेक या जर्मन कंपनीचं, २००७ सालचं. मग सनकडे गेलं आणि २०१० पासून ओरॅकलकडे आहे. मूळ पॅकेज जीपीएल या मुक्त परवान्याखाली, म्हणजे दुकानात वापरलं तरी पैसे नाहीत. जादा सोयींचा वेगळा एक्स्टेन्शन पॅक मात्र फक्त वैयक्तिक वापरासाठी आणि शिक्षणासाठी फुकट, तो धंद्याच्या मशीनवर टाकू नका. आम्हाला त्याची गरजही पडली नाही, कारण आवृत्ती ७ पासून यूएसबी २ आणि ३ मूळ पॅकेजातच मिळतं.

या आभासी पीसीत एक्सपी टाकला, त्याला १ जीबी रॅम दिली, १० जीबीची डिस्क दिली. चालू झाला, पण रडतखडत. मेनू उघडायला चहा पिऊन यावं इतका वेळ. खिडकीच्या तळाशी उजवीकडे एक हिरवं कासव दिसायचं, मला ती सजावट वाटली! भाचा हसला. आभासी पीसी चालवायची विंडोजची स्वतःची यंत्रणा, हायपर-व्ही, प्रोसेसर अडवून बसली की व्हर्च्युअलबॉक्सला तिच्यामार्फत काम करावं लागतं, तेव्हा हे कासव येतं. विंडोजच्या सिक्युरिटीतली मेमरी इंटिग्रिटी याच यंत्रणेवर चालते; ती बंद करून पीसी रीस्टार्ट केला, कासव गेलं. यात विंडोजचं एक संरक्षण कमी होतं, हे कळूनच केलं. त्या पीसीवर बँकेचं काही करत नाही.

डोंगलने अर्धा दिवस खाल्ला. आभासी पीसीच्या सेटिंगमध्ये यूएसबी कंट्रोलर ३.० वर होता, एक्सपीला तो ओळखताच येत नाही. २.० केला, डोंगल थेट आतल्या एक्सपीला मिळावा म्हणून त्याचा फिल्टर लावला, मग फाइल उघडली. 'आशीर्वाद' मधला रफार जिथल्या तिथे. काकूंना स्क्रीनवरच दाखवलं.

स्नॅपशॉट, म्हणजे आभासी पीसीची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं, ही यातली सगळ्यात कामाची सोय, आणि मी तिच्यातच तोंडघशी पडलो. फॉन्ट बिघडले म्हणून सकाळचा स्नॅपशॉट परत आणला. आत्ताची स्थिती जपून ठेवायची का, असं त्याने विचारलंही होतं. घाईत मीच टिक काढली. दिवसभरात केलेल्या चार पत्रिका गेल्या. आता फाइली शेअर्ड फोल्डरमध्ये, म्हणजे बाहेरच्या विंडोजवर ठेवतो. स्नॅपशॉट मागे नेला तरी त्या हलत नाहीत. शेअर्ड फोल्डरसाठी व्हर्च्युअलबॉक्सचं गेस्ट ॲडिशन्स आधी आतल्या एक्सपीत टाकावं लागतं, त्याने माउसही आतबाहेर सहज फिरतो. नाहीतर आत अडकलेल्या माउसची सुटका करायला दर वेळी उजवं कंट्रोल दाबत बसा.

एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच संपला, म्हणून आभासी पीसीचा नेटवर्क ॲडॉप्टर बंदच ठेवलाय, त्याला इंटरनेट नाही.

गेमसाठी कोणी विचारत असेल तर थ्रीडीत हे लंगडं आहे. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो हा असाच दुसरा प्रोग्राम २०२४ पासून फुकट झालाय, तो बघा. माझं काम भागतंय तोवर मी बदलत नाही. पीसीत ८ जीबीपेक्षा कमी रॅम असेल तर मात्र आधी रॅम वाढवा.