नऊ महिने रोज शब्दकोडं, आणि एक वेलांटी

सलग 212 दिवस एकही कोडं न चुकवता सोडवलं आणि 213व्या दिवशी एका वेलांटीवरून सगळी मोजणी शून्यावर आली. म्हणून हे लिहितेय. अ‍ॅपमध्ये रोज किती कोडी येतात, आडव्या-उभ्या सूचना कुठे दिसतात, हे वापरणाऱ्यांना ठाऊक आहेच. त्यात वेळ घालवत नाही.

त्या दिवशी उभी सूचना होती ‘भुंगा’, दोन चौकोन. उत्तर अली. त्याच्या दुसऱ्या चौकोनातून निघणारी आडवी सूचना होती ‘मोडी, ब्राह्मी, शारदा इत्यादी’. उत्तर लिपी. दोन्ही शब्दांबद्दल तिळमात्र शंका नव्हती. पण अलीतली ली दीर्घ, लिपीतली लि ऱ्हस्व, आणि चौकोन एकच. मी आधी अली भरलं होतं, त्यामुळे आडवं वाचताना ‘लीपी’ दिसत होतं. छापील कोड्यात अशा ठिकाणी आपण काणाडोळा करतो, शब्द ओळखला की झालं. अ‍ॅप मात्र म्हणालं, कुठेतरी चूक आहे. कुठे, ते सांगत नाही. प्रयत्न तीनच.

माझा संशय गेला दुसरीकडेच, कझाकस्तानच्या राजधानीवर. मी अस्ताना लिहिलं होतं आणि ते बरोबर होतं. पण दुसऱ्या महिन्यात याच प्रश्नाला याच अ‍ॅपने सहा चौकोन दिले होते आणि उत्तर ‘नूरसुलतान’ धरलं होतं. ते नाव 2019 मध्ये दिलं गेलं आणि 2022 मध्ये पुन्हा अस्ताना झालं. कोडं जुनं, कुणी तपासलं नाही, एवढंच. त्यामुळे या वेळी वाटलं, हे कोडं त्याहूनही जुन्या माहितीवर बेतलेलं असेल. 1997 पर्यंत राजधानी अल्माटी होती. अ-ल्मा-टी, अ-स्ता-ना: दोन्ही तीन चौकोनी, दोन्ही ‘अ’ने सुरू, आणि पुढच्या दोन चौकोनांतून एकही उभा शब्द जात नव्हता. अल्माटी भरलं, दुसरा प्रयत्न गेला. तिसरा आणखी एका खोट्या संशयावर गेला. चौथा प्रयत्न पैसे भरून मिळत होता. चूक त्यांची आणि पैसे माझे, हे मला पटणारं नव्हतं. भरले नाहीत. उत्तर उघडलं तेव्हा दिसलं, हवी होती फक्त ऱ्हस्व ‘लि’.

तक्रार पाठवली. पहिलं उत्तर आलं: अ‍ॅप बंद करून पुन्हा सुरू करा. दुसरं: उत्तर बरोबर आहे, शुद्धलेखन तपासा. या दुसऱ्या उत्तराचा मला फार राग आला. संस्कृतात अलि ऱ्हस्व आहे हे खरंच. पण 1962 पासूनच्या नियमांप्रमाणे असे इकारान्त शब्द मराठीत शेवटी दीर्घ लिहायचे: कवी, रवी, अली. समासात पहिलं पद ऱ्हस्व राहतं, म्हणून कविराज, रविवार. याच अ‍ॅपमध्ये रवी आणि शशी दीर्घच धरले जातात. मग भुंग्यालाच वेगळा नियम का? त्या चौकोनासाठी बरोबर अक्षर अस्तित्वातच नव्हतं. एक शब्द शुद्ध ठेवला की दुसरा अशुद्ध होणार, ही कोडं रचणाऱ्याची चूक आहे, सोडवणाऱ्याची नव्हे.

हा खेळ आपल्याकडे आला तो मात्रा नसलेल्या लिपीतून. आर्थर विन यांनी 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये हिऱ्याच्या आकाराचं पहिलं कोडं छापलं, तेव्हा एका चौकोनात 26 पैकी एक रोमन अक्षर एवढाच प्रश्न होता. आपल्या चौकोनात व्यंजन, मात्रा, जोडाक्षर सगळं एकत्र बसतं. म्हणून आपल्याकडे एक चौकोन कळला की अर्धा शब्द हाती लागतो. ‘क्षो’ मिळालं की पृथ्वीसाठी क्षोणी सोडून दुसरं काय येणार? आडवा शब्द उभ्याची खात्री पटवतो, हीच तर यातली गंमत आहे. मात्रेवर भरवसा नसेल तर ती खात्रीच उरत नाही.

महिन्याभराने त्यांनी सेटिंगमध्ये ‘ऱ्हस्व-दीर्घ चालेल’ अशी सोय दिली. माझे 212 दिवस परत दिले नाहीत, तरी मी खूश झाले आणि पाच तारे देऊन टाकले. ते आता मागे घेतेय.

कारण पंधरा दिवसांनी सूचना आली ‘हत्ती’, दोन चौकोन. मला करी आठवला. कर म्हणजे सोंड, ती असलेला तो करी. हा शब्द याच अ‍ॅपने शिकवला. पण शेवटी ‘प’ येत होता. घाईत द्वीप भरलं, अ‍ॅपने शाबासकी दिली. द्वीप म्हणजे बेट! हत्ती तो द्विप: सोंडेने आणि तोंडाने असा दोनदा पिणारा. एवढा सुंदर शब्द माझ्यासमोर आला आणि या सवलतीमुळे मी तो चुकीचा शिकणार होते. तसंच दिन आणि दीन, सुत आणि सूत, शिर आणि शीर. तिथे वेलांटी किंवा उकार बदलला की अर्थच बदलतो. सरसकट सूट हा उपाय नाही, हे माझं मत आता पक्कं झालंय. जिथे दोन शब्दांची मात्रा जुळत नाही तिथे रचणाऱ्याने त्यांना एकमेकांत अडकवूच नये. कष्टाचं आहे, पण तेच त्याचं काम आहे.

बाकी अ‍ॅप चांगलं आहे. जोडाक्षरं एका चौकोनात नीट बसतात, जाहिराती कमी आहेत. आणि शब्द! ‘शंभर कोटी, किंवा कमळ’ या सूचनेचं उत्तर अब्ज निघालं, तेव्हा मी फोन बाजूला ठेवून थोडा वेळ नुसतीच बसले. अप् म्हणजे पाणी, त्यातून जन्मलेलं ते अब्ज. इतकी वर्षं तो शब्द फक्त आकडा म्हणून वापरत होते. वायस म्हणजे कावळा, पिक म्हणजे कोकीळ, कुरंग म्हणजे हरीण, हे सगळं इथेच मिळालं.

सूट मी बंद केली आहे. द्विपबद्दल पाठवलेल्या पत्राला अजून उत्तर नाही. जुन्या कोड्यांच्या यादीत 213वा दिवस आज पुन्हा उघडून पाहिला; त्या चौकोनात अजून ‘लि’च आहे. वर्गणी पुढच्या महिन्यात संपते. तोवर तो चौकोन दुरुस्त झाला तर पुन्हा भरेन.