आमच्या कंपनीची कोविड सिक लीव्ह पॉलिसी: ५ पैकी २ स्टार

२०२० च्या मार्चमध्ये ही पॉलिसी आली, १४ दिवस फुल पगारी रजा, त्याचेच २ स्टार दिलेत. पण अट काय तर पॉझिटिव्ह रिपोर्ट पाहिजे. अरे तेव्हा टेस्टचे किटच कमी होते, टेस्ट आधी सिरियस पेशंटच्या करत होते, मग साधा ताप-खोकला असलेल्याने रिपोर्ट आणायचा कुठून? ज्याचं घर हजेरीवर चालतं तो तापाची गोळी घेऊन कामावर येणारच ना, आणि त्याच्यामुळे बाकीच्यांना लागण होणार. लक्षणं फोनवर कळवली की रजा मंजूर करायला हवी होती, डॉक्टरांची चिठ्ठीपण नको, दवाखान्यात आधीच गर्दी होती. आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांना यात घेतलंच नव्हतं, ते तर सगळ्यात जास्त चुकीचं होतं.