तहसीलसमोरचं टायपिंगचं दुकान: इथं माझा राजीनामा टाइप झाला नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली हे दुकान आहे. पाटी नाही. चालवणारे काका आस्थापना शाखेतून, म्हणजे नोकरदारांची सेवेची कागदपत्रं पाहणाऱ्या शाखेतून, रिटायर झालेले.

मी एका सरकारी ऑफिसात शिपाई. हे गेले अन् १९९९ साली अनुकंपावर लागली. आता गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. नवीन साहेब दोन महिने रोज म्हणत, "झेपत नाही तर राजीनामा टाका ना." शेवटी मजकूरच लिहून हातात दिला, फक्त टाइप करून सही करायची.

काकांनी तो कागद वाचला. 'स्वखुशीने' या शब्दावर बोट ठेवलं अन् विचारलं, "बाई, खुशी आहे का तुमची?" मला रडूच आलं. त्यांनी पोराला पाणी आणायला धाडलं, बाकीची गिऱ्हाइकं थांबवली.

"सव्वीस वर्षांची नोकरी, अन् राजीनामा कायले देऊन राह्यल्या?" मग त्यांनी १९८२ च्या पेन्शन नियमांचं पुस्तक काढून दाखवलं. नियम ४६: राजीनामा दिला की मागची सेवा जप्त. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, जीपीएफ, म्हणजे पगारातून कापून साठलेला भविष्य निर्वाह निधी, मात्र आपला. नियम ६६: वीस वर्षं भरली असली तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती, पेन्शनसकट. "खरंच झेपत नसन तर हे मागा, तेही तुमच्या मनानं." सव्वीस वर्षं मी फायली वाहिल्या, हा फरक मला कोणी सांगितला नव्हता. एका सहीनं म्हातारपणाची भाकर गेली असती.

राजीनाम्याऐवजी त्यांनी अर्ज टाइप केला: राजीनामा देण्याची माझी इच्छा नाही, कोणत्या तारखेला काय बोलले गेले ते सगळं. दोन प्रती. "एक ऑफिसच्या आवकमध्ये, म्हणजे आलेले कागद घेतात त्या टेबलावर, द्या, दुसरीवर शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. नाहीच ऐकलं तर नागपूरला मॅट आहे, सरकारी नोकरांच्या तक्रारी ऐकणारं न्यायाधिकरण." साठ रुपये झाले. सल्ल्याचे विचारले तर काकांनी हात जोडले.

बसायला एकच बाकडं आहे, लाइन गेली की काम बंद, माझं आडनाव दोनदा चुकलं. तरी पाचपैकी पाच. पोच मी देवघरात ठेवली आहे अन् रोज ड्युटीवर जाते.

जायचं असेल तर अकराच्या आधी जा. नेमणुकीचा आदेश अन् सेवापुस्तकाची झेरॉक्स सोबत न्या, काका आधी तेच मागतात.