काठमांडूसाठी चिनी माल: केरुंगची वाट की कोलकात्याची?

ग्वांगझूत माल ठरला, दर जमला. आता तो काठमांडूत आणायचा कुठून? विटा-आटपाडीकडच्या सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांची इथली पुढची पिढी सोन्यापलीकडे काही करू बघतेय, त्यांचा पहिला प्रश्न हाच. वाटा दोन. तिबेटातून केरुंग-रसुवागढी किंवा खासा-तातोपानी (जोडीतलं पहिलं नाव तिबेटकडचं, दुसरं नेपाळकडचं). नाहीतर समुद्रमार्गे कोलकाता आणि तिथून रेल्वेने भारताच्या सीमेवरच्या वीरगंजचा ड्राय पोर्ट, म्हणजे जमिनीवरचं कंटेनर बंदर. भन्सार, म्हणजे नेपाळची जकात, दोन्हीकडे भरायचाच, त्यामुळे ते बाजूला ठेवू. माझा धंदा जॅकेटं-ब्लँकेटांचा, आणि माल दोन्हीकडून आणून झालाय.

नकाशा समोर धरला तर कोणीही केरुंगच म्हणेल. सीमा काठमांडूपासून हाकेच्या अंतरावर. उलट कोलकाता हे नदीतलं बंदर, मोठी जहाजं आत येत नाहीत. म्हणून कंटेनर बहुतेकदा वाटेत जहाज बदलतो आणि त्यात दिवस जातात. पुढे वीरगंजपर्यंत सातेकशे किलोमीटर. रिकामा कंटेनर परत जायला उशीर झाला की शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे उशिराचा आकार, डॉलरमध्ये चढत राहतं, ते वेगळंच. हल्ली इलेक्ट्रॉनिक सीलमुळे कोलकात्यातली कागदांची कटकट बरीच कमी झालीय, एवढं मात्र खरं.

राजकारणातही भारताची बाजू धुतल्या तांदळासारखी नाही. 1989 मध्ये भारत-नेपाळ व्यापार-वाहतूक करार संपला आणि बहुतेक नाकी बंद झाली. 2015 च्या सप्टेंबरात संविधान आलं आणि पुढचे काही महिने वीरगंजचा पूल अडला. दिल्ली म्हणते तराईतल्या मधेशींचं आंदोलन, काठमांडू म्हणतं नाकाबंदी. गॅससाठीच्या रांगा इथे कोणी विसरलेलं नाही. त्या रागातूनच 2016 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ओली बीजिंगला जाऊन पारवहन करार, म्हणजे चीनमधून माल नेण्या-आणण्याचा करार, करून आले. 2019 च्या प्रोटोकॉलने तिएनचिनसकट चार चिनी बंदरं नेपाळला खुली झाली. कागदावर. त्यातलं जवळचं बंदरसुद्धा सीमेपासून अडीच हजार किलोमीटरच्या पुढे आहे, आणि त्या वाटेने माल आणलेला व्यापारी निदान मला तरी भेटलेला नाही.

तरीही माझं मन केरुंगवरून उडालं ते अंतरामुळे नाही, भाड्यामुळेही नाही. तिकडे नाका बंद झाला की कधी उघडेल हे कोणी सांगत नाही. 2020 मध्ये कोविडचं कारण होतं, मान्य. पण आज किती गाड्या सुटणार हे रोज सकाळी पलीकडून ठरायचं, आणि अलीकडे आम्ही फोन धरून बसलेलो. एजंटाचं उत्तर ठरलेलं: ‘भोलि’. म्हणजे उद्या. दशैंला, म्हणजे इथल्या दसऱ्याला, अख्खं नेपाळ नवे कपडे घेतं. माझा माल तेव्हा केरुंगच्या गोदामात होता. दशैंचा टीका-जमरा आटोपल्यावर कार्टन हातात आले. चिनी गाडीतून नेपाळी गाडीत उतरवताना भिजलेले, तळ फुगलेले, आणि आतल्या पफर जॅकेटांना कुबट वास. ती मी पुढच्या हिवाळ्यात पडेल भावाने काढली.

शिवाय डोंगराचा काय भरवसा! 2015 च्या भूकंपात बंद पडलेलं तातोपानी उघडलं ते थेट 2019 मध्ये, म्हणजे नाकाबंदीच्या ऐन दिवसांत ती वाट नव्हतीच. 8 जुलै 2025 ला भोटेकोशीच्या पुराने रसुवागढीचा मितेरी पूलच नेला, सोबत यार्डात उभ्या नव्या इलेक्ट्रिक गाड्याही. पूर तिबेटातल्या हिमतळ्याचा; इथलं आभाळ बघून काही कळण्यासारखं नव्हतं.

वीरगंजसमोरच्या भारतातल्या रक्सौललाही गाड्या अडतात. पण तिथे हिंदीत भांडता येतं, चार ओळखी निघतात, आणि निदान आठवड्याचा अंदाज मिळतो. माल सणाचा असेल तर मला हा अंदाज भाड्यातल्या बचतीपेक्षा मोलाचा वाटतो.

मोबाइलचे सुटे भाग, इअरफोन असला हलका नि महाग माल असेल आणि पावसाळा टाळता येत असेल, तर केरुंग आजमावून बघायला हरकत नाही. काठमांडूच्या महाबौद्ध बाजारातले काही जण त्यावरच चालतात. कपड्यांसाठी मात्र मी कोलकाताच धरेन. माल नेपाळी जेठ सरायच्या आत, म्हणजे जूनच्या मध्याआधी, जहाजावर चढवा, आणि डिटेन्शन कोणाच्या माथी हे फॉरवर्डरकडून आधी लिहून घ्या.